उतरलेली बॅटरी गोठ्यात ठेवू नका
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



खते, बियाणे, फवारणी यांवर मेळाव्यात नेहमीच बोलले जाते. मी आज बॅटरीवर बोलणार आहे. ट्रॅक्टरची, फवारणी पंपाची, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका यंत्राची बॅटरी काही वर्षांत उतरते आणि गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडते. तिथेच धोका सुरू होतो.

ट्रॅक्टरच्या बॅटरीत वजनाने निम्म्याहून अधिक शिसे असते, शिवाय गंधकाम्ल असते. खोके फुटले की आतील प्लेटा उघड्या पडतात व जनावरे त्या चाटतात. वासरे तर हमखास चाटतात. शिशाची विषबाधा झालेले जनावर दात खाते, त्याला दिसेनासे होते, ते डोके भिंतीला दाबून उभे राहते, झटके येतात. पुष्कळदा जनावर पिसाळले असाच संशय येतो. अशा वेळी गोठ्यात जुनी बॅटरी होती का, हे पशुवैद्यकाला आधी सांगा. दुधातूनही शिसे उतरते, म्हणून ते दूध घरात वापरू नका आणि डेअरीलाही घालू नका.

जमिनीचेही तसेच आहे. नत्र कमी पडले तर युरिया देता येतो, पण जमिनीत मुरलेले शिसे काढणारे खत नाही. ते वरच्या थरात वर्षानुवर्षे धरून राहते. मेथी, पालक, मुळा यांना चिकटलेल्या मातीबरोबर ते स्वयंपाकघरात येते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याने कायमची बाधा होते.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे हे नियम केंद्राचे आहेत. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली ते केलेले आहेत. २००१ चे नियम फक्त शिसे-आम्ल बॅटरीपुरते होते. २२ ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत टॉर्चच्या सेलपासून विजेवरच्या वाहनाच्या बॅटरीपर्यंत सर्व प्रकार आले. जुनी बॅटरी गोळा करून तिचा पुनर्वापर करवून घेण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यावर व आयात करणाऱ्यावर टाकली आहे. ती पुरणे किंवा जाळणे यास मनाई आहे. पुनर्चक्रण करणाऱ्या कारखान्याची नोंदणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे होते. आपले काम एवढेच, की बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता गोळा करणाऱ्याच्या किंवा पुनर्चक्रण करणाऱ्याच्या हाती द्यायची.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे, नवी बॅटरी घेताना जुनी न आणणाऱ्याकडून दुकानदार अनामत रक्कम घेतो व ४५ दिवसांत जुनी आणून दिल्यास ती परत करतो. आपल्या नियमांतही कंपन्यांना अशी अनामत योजना चालवण्याची मुभा आहे. माझ्या मते ती सक्तीची हवी होती. मुभा दिली की खेड्यापर्यंत काही पोहोचत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव!

भंगारवाला कधी कधी दुकानदारापेक्षा चार पैसे जास्त देतो, हे खरे आहे. पण बॅटरीतले आम्ल कुठे जाते ते पाहा. ते ओढ्याकाठी ओतले जाते, आणि त्यात विरघळलेले शिसेही असते. प्लेटा वितळवायला मोठी भट्टी लागत नाही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. तो धूर वस्तीवर बसतो. वरचे चार पैसे आपल्याच विहिरीतून वसूल होतात.

म्हणून नवी बॅटरी घेताना जुनी दुकानातच द्या व किंमत बिलात वजा करून घ्या. बॅटरी उघडू नका, आम्ल ओतून वजन हलके करू नका. देईपर्यंत ती उभी, प्लॅस्टिकच्या घमेल्यात, मुलांच्या व जनावरांच्या हाताला-तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा. फरशीवर सांडले तर चुना किंवा खाण्याचा सोडा टाका. रिकाम्या खोक्यात कोंबड्यांना पाणी ठेवू नका.

नव्या पंपांत लिथियमची बॅटरी असते. ती ठोकू नका, चुलीत टाकू नका, भडका उडतो. फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवा आणि पुढच्या बाजाराला तालुक्याला जाताना विक्रेत्याकडे पोहोचवा.