पाऊस किती पडला? सोडा. पाणी किती राहिलं?

मी पेठचा, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याचा. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आज एका मेंटल मॉडेलबद्दल बोलू. मेंटल मॉडेल म्हणजे निर्णय घेताना वापरायची विचाराची चौकट. आजच्या चौकटीचं नाव आहे ‘साठा आणि प्रवाह’.

ती समजायला आमच्या पेठसारखं उदाहरण नाही. इथे वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. हिशोब करा, हजार चौरस फुटांच्या एका छपरावर जवळपास १ लाख ८५ हजार लिटर पाणी! तरी एप्रिल-मे आला की कितीतरी पाड्यांवर बायका हंडे घेऊन लांब झऱ्यावर जातात, टँकरची वाट बघतात.

असं का? कारण बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर, चार महिन्यांत येतो. जमीन डोंगरउताराची, खाली बेसॉल्टचा कठीण खडक, पाणी मुरतं कमी. बाकीचं ओहोळांतून दमणगंगेसारख्या नद्यांना मिळतं आणि गुजरातकडून अरबी समुद्रात जातं. प्रवाह मोठा, साठा छोटा. अशा ठिकाणी पाऊस आणखी वाढला तरी मे महिना तसाच राहतो. उलट पावसाळा सरताना ओहोळावर रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला, तर फरक दिसतो.

डोनेला मेडोज या अमेरिकन अभ्यासक बाईंनी हीच चौकट ‘थिंकिंग इन सिस्टिम्स’ या पुस्तकात मांडली. ते २००८ साली आलं.

आता ही चौकट स्वतःला लावा. समजा दोन ऑफर आहेत. पुण्यात ३५ हजार, पण रूम, मेस, प्रवास मिळून २७ हजार जातात. नाशिकमध्ये २५ हजार, खर्च १३. गावात कौतुक होतं ३५ चं. हातात राहतात पुण्यात ८ आणि नाशिकमध्ये १२.

पण थांबा, लगेच नाशिक फायनल करू नका! साठा फक्त पैशांचा नसतो. पुण्यात असं काम शिकायला मिळत असेल जे पुढे दहा वर्षं उपयोगी पडेल, तर तोही साठाच. मग ते ४ हजार कमी पडले तरी चालतील.

आणखी एक, वेळ बघा. आपल्याकडची कितीतरी घरं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे कामाला जातात. पैसा तेव्हा येतो, पण भात-नागलीचं बियाणं, खत आणि शाळेचा खर्च जूनमध्ये. हंगामातली कमाई बघून बाईकचा हप्ता ठरवला, तर हप्ता मात्र बाराही महिने येणार.

म्हणून कुठलाही मोठा निर्णय घेताना तीन प्रश्न लिहून काढा. किती येतंय? किती वाहून जातंय? आणि लागेल तेव्हा हाताशी किती असेल? बहुतेक जण पहिल्याच प्रश्नावर थांबतात. तुम्ही तिसऱ्यापर्यंत जा.

या आठवड्यात एका निर्णयावर करून बघा आणि काय निघालं ते कळवा. चला, भेटू पुढच्या भागात!