मुले दूर गेल्यावरचे घर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, सीताबर्डी येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न पडला. शिक्षण, विवाहातील खर्च, समाजाचे संघटन या विषयांवर या व्यासपीठावरून विद्वानांची व्याख्याने होऊन गेली आहेत. आम्ही विद्वान नव्हे. म्हणून जो प्रश्न आपणांपैकी पुष्कळांच्या घरात रोज उभा आहे, पण ज्याची वाच्यता सहसा कोणी करीत नाही, तोच घेतला आहे. मुले शिकली, कोणी पुण्यास गेली, कोणी बंगळुरास, कोणी समुद्रापार. मागे राहिलेल्या दोन माणसांनी त्या मोठ्या घरात कसे राहावे?

आमचेच उदाहरण सांगतो. बर्डीवरील आमचे घर दुमजली. निजण्याची खोली वर, कारण ती पूर्वीपासून वर होती. जिना उभा, त्यास एका बाजूने कठडा नाही. मुलांची खोली कुलपात. आत त्यांच्या खाटा, पुस्तके आणि एक मोडकी सायकल. मुले वर्षातून आठ दिवस येतात आणि त्या आठ दिवसांसाठी घर वर्षभर तसेच ठेवलेले. काही दुरुस्ती काढली की आम्ही उभयता एकमेकांस म्हणत असू, “आता दोघांसाठी कशाला खर्च?”

तीन वर्षांपूर्वी श्रावणात पहाटे सौभाग्यवती न्हाणीघरात घसरल्या. कडी आतून लावलेली. आम्ही वरच्या मजल्यावर. हाक ऐकू आली नाही. अर्ध्या तासाने खाली आलो. शेजारच्या तरुणाने दार फोडले. मनगटाचे हाड मोडले, एवढ्यावरच निभावले. परंतु त्या अर्ध्या तासात त्या ओल्या फरशीवर पडून काय विचार करीत होत्या, हे त्यांनी आम्हांस अद्याप सांगितलेले नाही आणि आम्हीही विचारलेले नाही.

1817 च्या नोव्हेंबरात या सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या सैन्याची आणि इंग्रजांची लढाई झाली. आमच्या वयाच्या माणसांची लढाई टेकडीवर होत नाही. ती न्हाणीघराच्या उंबरठ्याशी होते. म्हणून सुधारणेचा आरंभ तेथूनच करावा. गुळगुळीत टाइल्स असतील तर त्यांवर खरखरीत पृष्ठाच्या फरश्या बसवाव्यात. तेवढे न जमल्यास घट्ट बसणारी रबरी चटई तरी घालावी. कमोडजवळ आणि नळाजवळ पोलादी आधारदांडी लावावी, मात्र ती विटांच्या भिंतीत खोल छिद्र पाडून पक्की बसवावी. टॉवेलची दांडी म्हणजे आधार नव्हे. भार पडताच ती हातात येते. दारास बाहेरूनही उघडता येईल अशी कडी असावी. ही सर्व कामे गवंडी व सुतार मिळून दोन-तीन दिवसांत करतात, आणि त्यांचा खर्च इस्पितळाच्या एका दिवसाच्या बिलापुढे काहीच नाही.

दुसरी सुधारणा बिनपैशाची. निजण्याची खोली खाली आणावी. तरीही जिना चढावाच लागत असेल, तर दोन्ही बाजूंस कठडा हवा आणि प्रत्येक पायरीच्या कडेस पांढऱ्या रंगाचा पट्टा हवा. उतरत्या दृष्टीस पायरी कोठे संपते हे त्यावाचून दिसत नाही. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर एक मंद दिवा असावा. पूर्वीच्या 60 वॅटच्या दिव्याएवढा उजेड आज 9 वॅटचा एलईडी दिवा देतो, तेव्हा येथे काटकसर करण्याचे कारण नाही.

तिसरा विषय आपल्या नागपूरचा उन्हाळा. 23 मे 2013 रोजी येथे 47.9 अंश तापमानाची नोंद झाली. उतारवयात शरीराचा घाम कमी होतो, तहानही उशिरा कळते. म्हणून तापलेली खोली म्हाताऱ्या माणसास तरुणापेक्षा अधिक धोक्याची. स्लॅबवर मार्चच्या अखेरीस चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरे छत ऊन परत फेकते आणि खालची खोली निश्चित सुसह्य होते. तेलंगण राज्याने 2023 मध्ये अशा थंड छतांचे स्वतंत्र धोरणच आखले. आपल्या आजोबांना मात्र ही गोष्ट धोरणावाचून ठाऊक होती. पश्चिमेच्या खिडकीस वाळ्याची ताटी लावावी.

कूलर तर आपल्या घरोघरी आहे. पण तो चालवावा कसा हे थोड्यांस ठाऊक असते. कोरडी हवा ओल्या ताट्यांतून येताना पाण्याची वाफ होते व त्यात हवेची उष्णता खर्ची पडते. म्हणून समोरची खिडकी थोडी उघडी हवी; नाही तर खोलीत दमटपणा साचतो आणि गारवा जातो. पावसाळा लागला की कूलरचा उपयोग संपतो, पण टाकीतले पाणी तसेच राहते आणि त्यात डेंग्यूचे डास वाढतात. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करावी. पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावाच. जुन्या वायरिंगच्या घरात अर्थिंग तपासून घ्यावे आणि 30 मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. बसवावे, वीज गळताच ते प्रवाह तोडते.

छत स्वतःचे असेल तर सौर विजेचाही विचार करावा. केंद्र सरकारने 2024 च्या फेब्रुवारीत जाहीर केलेल्या सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किलोवॅट वा अधिकास 78,000 रुपये अनुदान ठरले. दोन माणसांस 1 किलोवॅट बहुधा पुरे होते. अर्जापूर्वी चालू नियम पाहावा, आणि विजेचे मीटर अजून वडिलांच्याच नावावर आहे काय हेही पाहावे. आपल्याकडील जुन्या घरांत ते पुष्कळदा तसेच राहिलेले असते.

आता शेवटची आणि सर्वांत कठीण गोष्ट, ती म्हणजे कुलपातली खोली. सौभाग्यवतींनी सहा महिने किल्ली दिली नाही. मुलांचे बालपण त्या खोलीत आहे, असे त्यांचे म्हणणे. आणि ते खोटे नव्हते. अखेर आम्ही एका पेटीत वह्या, चित्रे व बक्षिसे ठेवली आणि ती पेटी खाली आमच्या खाटेशी आणली. वरची खोली बाहेरगावच्या एका विद्यार्थ्यास दिली. करारनामा लेखी करून नोंदवला, कारण 1999 च्या कायद्याने तो नोंदवावाच लागतो. पोलिसांतही माहिती दिली. भाड्यातून वरील सर्व सुधारणांचा खर्च दीड वर्षात निघाला. रात्री वर पावले वाजतात, आणि हाक मारली तर कोणी ऐकणारे आहे, हा लाभ वेगळाच.

थोरला मुलगा दिवाळीस आला तेव्हा आमच्या मनात धाकधूक होती. त्याने न्हाणीघरातली दांडी हाताने ओढून पाहिली, पक्की आहे अशी खात्री केली आणि म्हणाला, “बाबा, हे मीच आधी करायला हवे होते.” मग त्याने त्याचे अंथरूण पुढच्या खोलीत आमच्याजवळ घातले. त्या चार रात्री जितके बोलणे झाले तितके वरच्या खोलीच्या काळात कधी झाले नव्हते.

तेव्हा आमची विनंती एवढीच, की “दोघांसाठी कशाला?” हे वाक्य आपण आपल्या घरातून काढून टाकावे. घर ज्यांनी बांधले, त्यांस त्यात निर्धास्तपणे राहण्याचा पहिला अधिकार आहे. आज घरी गेल्यावर प्रथम न्हाणीघराची कडी पाहावी. पुढच्या संमेलनास आपण सर्व आपल्या पायांनी चालत यावे, ही प्रार्थना.