वकिली आणि जमीन



"फादर, वकील व्हावें कीं बिल्डर?" असा प्रश्न आमच्या तरुणांपैकीं कोणी कोणी थट्टेनें आम्हांस विचारतात. नेरळांत आतां ती थट्टा उरलेली नाहीं. म्हणून महोत्सवाच्या प्रसंगीं ह्या विषयावर दोन शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे.

श्री. मंगलप्रभात लोढा ह्यांचें उदाहरण घ्या. जोधपूरचें घराणें, वडील गुमानमल लोढा गौहत्ती उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. मुलानेंहि कायद्याची पदवी घेतली. परंतु मुंबईस येऊन १९८० सालीं घरबांधणीचा उद्योग आरंभिला. डोंबिवलीजवळचें पलावा नगर त्यांच्याच कंपनीनें वसविलें, आणि २०२१ सालीं तिचे शेअर बाजारांत आले. त्यांच्या राजकारणाविषयीं आम्हांस येथें बोलावयाचें नाहीं. कायदा शिकलेला मनुष्य ह्या धंद्यांत कां शोभतो, एवढेंच पाहूं. विटा व सिमेंट फार पुढें लागतात. आधीं सातबारा, फेरफार, वारसनोंद, बिनशेती परवानगी आणि करारनामा. अर्धी इमारत कागदावरच उभी राहते.

हे कागद आतां आपल्याहि दारीं आले आहेत. लोकलनें मुंबईस जातां येतें आणि वर माथेरानचा गारवा, म्हणून शहरवासी येथें घर शोधतात. माथेरान व भोंवतालचा प्रदेश २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून राखलेला आहे; आदिवासी बांधवांची जमीन परवानगीवांचून बिगर-आदिवासीस घेतां येत नाहीं. २०१६ च्या रेरा कायद्यानें ग्राहकाच्या पैशांतील सत्तर टक्के रक्कम निराळ्या खात्यांत ठेवणें बिल्डरास भाग पडलें. ही व्यवस्था उत्तम. पण ती घर घेणाऱ्याची ढाल आहे. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याच्या शेजारीं सहीच्या वेळीं कोण बसतो?

एके काळीं असा एक वकील ह्याच डोंगरांत होता. माथेरानचे भाई कोतवाल कायदा शिकून परतले. सावकाराच्या दारीं जाण्याची पाळी शेतकऱ्यावर येऊं नये म्हणून त्यांनीं धान्यकोठारें काढलीं. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर त्यांना वीरमरण आलें. पदवी तीच, वाट निराळी. लोढांची वाट वाईट असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. घरें कोणी तरी बांधलींच पाहिजेत. मात्र आमच्या मुलांपैकीं एखादा विकणाऱ्याचा वकील झाला, तर आम्हांस अधिक आनंद होईल.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळें कुटुंबें तुटतांना आम्हीं पाहिलीं आहेत. बाप मृत्युपत्र न करितां गेला, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें ख्रिस्ती मुलीचा वांटा मुलाइतकाच असतो. लग्नानें तो बुडत नाहीं. तरीहि भाऊ परस्पर सौदा ठरवितात, बयाणा घेतात, आणि बहिणीस बातमी लागते ती शेजाऱ्यांकडून. मग ती रडत आमच्याकडे येते, आणि भाऊ पुढच्या रविवारीं मिस्साला येत नाहीं. दलालास होकार देण्यापूर्वीं बहिणींना घरीं बोलवा, सातबारा त्यांच्यापुढें ठेवा, आणि त्या काय म्हणतात तें शेवटपर्यंत ऐका.