एकट्या राहणाऱ्या मुलीचे स्वसंरक्षण आणि कायदा
(विवळवेढे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महालक्ष्मीच्या गडाखाली आपण जमलो आहोत. चैत्रातल्या यात्रेला येथे येणाऱ्या आयाबायांच्या मुली आज शिकून बाहेर पडल्या आहेत. कोणी पाड्यावरच्या उपकेंद्रात परिचारिका आहे, कोणी आश्रमशाळेत शिक्षिका आहे, कोणी बोईसरला, उंबरगावला, वापीला कारखान्यात आहे. 2013 पासून डहाणू रोडपर्यंत लोकल आली, तशी पहाटेची गाडी धरून जाणाऱ्या आणि रात्री उशिरा परतणाऱ्या मुलींची संख्याही वाढली. त्यांतल्या बऱ्याच जणी भाड्याच्या खोलीत एकट्या राहतात. अशा मुलीचा प्रश्न बहुधा एकच असतो : "पिशवीत काय ठेवू?" त्या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे. पण कायद्याने तिच्या हातात आधीच काय ठेवले आहे, ते प्रथम सांगतो, कारण ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 96 ते 106 ही खासगी संरक्षणाच्या हक्काची कलमे होती. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तीच कलमे आता 34 ते 44 या क्रमांकांनी आली आहेत. आकडे बदलले, आशय बहुतांशी तोच राहिला. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्याही शरीरावर होणारा हल्ला परतवण्यासाठी केलेली कृती हा गुन्हा नाही, हे त्याचे सार. कलम 38 तर याच्याही पुढे जाते. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराच्या हेतूने हल्ला, अनैसर्गिक वासनेने हल्ला, पळवून नेण्यासाठी हल्ला, सुटका होणार नाही अशा रीतीने कोंडून ठेवण्यासाठी हल्ला आणि 2013 नंतर अॅसिड फेकणे किंवा फेकण्याचा प्रयत्न, या प्रसंगांत प्रतिकार करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो हक्काच्या मर्यादेत बसू शकतो. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध कलम 41 आहे. वार होईपर्यंत थांबायचे बंधन नाही. कलम 40 प्रमाणे वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो. 2010 साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. संकटात सापडलेल्या माणसाने किती जोराने मारावे हे सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही, ही त्यातली भूमिका.

"आपण शील पाळणारे लोक, हात उगारावा का?" असाही प्रश्न आपल्यात निघतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, एवढे सांगून मी पुढे जातो.

हक्काला कुंपण आहे, आणि ते नीट समजून घ्यावे. कलम 37 सांगते की गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. भीती संपली की हक्कही संपतो. दार फोडणाऱ्याच्या डोक्यात आतून फुंकणी घातली तर ते संरक्षण आहे. तो पळाला, आणि अर्ध्या तासाने पाड्यातल्या चौघांनी त्याला गाठून तुडवला, तर तो गुन्हा आहे. हे मी या तालुक्यात मुद्दाम ठासून सांगतो. 16 एप्रिल 2020 रोजी आपल्याच डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे चोर आणि मुले पळवणारे आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधूंचा आणि त्यांच्या चालकाचा जीव घेतला. ते तिघे निरपराध होते, आणि कितीतरी घरांतली माणसे पुढे तुरुंगात गेली. मुलीने मदतीसाठी ओरडावे, जरूर ओरडावे. धावून येणाऱ्यांनी मात्र मुलीला सुरक्षित करावे आणि माणूस पकडला असेल तर त्याला पोलिसांच्या हवाली करावे. असा गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर सामान्य माणसालाही गुन्हेगाराला धरता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांकडे द्यायचे असते.

आता पिशवीकडे वळू. मिरपुडीचा फवारा, ज्याला बाजारात पेपर स्प्रे म्हणतात, त्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. नाव मिरपुडीचे असले तरी आत लाल मिरचीचा अर्क असतो. डोळ्यांची आग होते, काही मिनिटे समोरचे दिसत नाही, आणि ती काही मिनिटे पळण्यासाठी असतात. थांबून भांडण्यासाठी नव्हेत. डबी पिशवीच्या तळाशी असेल तर ती नसल्यासारखीच, म्हणून हातात किंवा बाहेरच्या कप्प्यात असावी. वाऱ्याच्या विरुद्ध फवारला तर आपल्याच डोळ्यांत येतो. डबीवर मुदत छापलेली असते, ती पाहावी. एकदा उघड्यावर थोडा फवारून पाहावा. आणि रिक्षाच्या भाड्यावरून झालेल्या वादात तो काढू नये. 2024 साली एका प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने, जिवाला तातडीचा धोका नसताना मारलेला असा फवारा धोकादायक शस्त्रात मोडू शकतो, असे मत नोंदवून खटला रद्द करण्यास नकार दिला. मिरचीपूड पदरात बांधून नेण्याचा आपल्या आयांचा उपाय वाईट नव्हता, पण पावसाळ्यात ती ओली होते आणि वाऱ्यात उलटते.

सुऱ्याचे काय? जानेवारी 2013 मध्ये मुंबईत शिवसेनेने महिलांना छोटे चाकू वाटले होते. टाळ्या पुष्कळ पडल्या. माझे मत वेगळे आहे. चाकू चालवायला हात सरावलेला लागतो. नाहीतर तो हिसकावला जातो आणि मग तिच्यावरच चालतो. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे वेगळ्या वर्गात येतात. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणून कमरेच्या आकडीला कोयता लावून रानात जाणारी बाई गुन्हेगार ठरत नाही. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणासुदीला, निवडणुकीला, आंदोलनाच्या काळात मनाई आदेश निघतात, तेव्हा लाठी, सुरा, दाहक पदार्थ बाळगणे अंगाशी येते. संडास धुण्याचे अॅसिड "वेळेला उपयोगी" म्हणून उशाशी ठेवणाऱ्या मुली आहेत. ते कृपया करू नका. झटापटीत ते कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही.

त्यापेक्षा शिट्टी घ्या. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण घसा कोरडा पडतो तेव्हा हीच ओरडते. चांगल्या उजेडाची बॅटरी घ्या. दाराला आतून कडीबरोबर आडवा अडसर बसवा; खिळ्यावर लटकणारी कडी एका लाथेत निघते. खोली भाड्याने घेताना भाडे विचारायच्या आधी दार, खिडकीचे गज, संडास-मोरी कोठे आहे आणि तिकडे जाण्याच्या वाटेवर दिवा आहे का, हे पाहावे. उपकेंद्राच्या खोलीत राहणाऱ्या परिचारिकेला रात्री दार उघडावेच लागते. तिने आधी खिडकीतून बोलावे, नाव-पाडा विचारावा, आशाताईंना किंवा शेजारच्या बाईला हाक मारावी आणि मगच कडी काढावी. दुखणेकऱ्याबरोबर खरोखर आलेला माणूस यावर रागावत नाही. कराटेचा वर्ग असेल तर जरूर जावे, पण दोन दिवसांच्या शिबिराने हात तयार होत नाही. मनगट सोडवणे आणि मोठ्याने ओरडणे या दोन गोष्टी जमल्या तरी शिबिर वाया गेले नाही.

येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. प्रतिकार हा हक्क आहे, सक्ती नाही. भीतीने हातपाय गारठले म्हणून कोणत्याही मुलीचा दोष होत नाही. 26 मार्च 1972 रोजी, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण घडले. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते. त्यावर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. 2013 च्या दुरुस्तीने तर स्पष्टच लिहिले की, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही. ते वाक्य आजच्या संहितेतही आहे. गारठून गेलेली मुलगीदेखील तक्रार देऊ शकते, आणि तिने ती द्यावी.

तक्रारीसाठी हल्ल्याची वाट पाहू नये. रोज मागे येणे, नको म्हटले तरी फोन-संदेश करत राहणे, हा कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा आहे. वहीत तारीख, वेळ, ठिकाण लिहीत जावे. संदेश पुसू नयेत. संकटात 112, रेल्वेत 139. 2017 पासून विकल्या जाणाऱ्या फोनला संकटाची कळ असते. स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ दाबायचे, साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचा. फोनप्रमाणे थोडा फरक असतो, म्हणून आज घरी जाऊन सेटिंग पाहून ठेवा. दरीतल्या पाड्यावर रेंज नसते. तेथे पोलीस पाटलाचे घर आणि शिट्टी हीच यंत्रणा.

"हद्द आमची नाही" असे कोणत्याही ठाण्याला सांगता येत नाही. वापीत घडलेल्या गोष्टीची खबर तलासरीत देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायची असते. लैंगिक गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. ठाणेदाराने नोंदवली नाही, तर कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. पोहोच पावती जपून ठेवावी. चौकशीसाठी साक्षीदार म्हणून बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी यावे लागते. आणि स्वसंरक्षणात समोरच्याला इजा झालीच, तर लपवू नये, पळू नये. स्वतःच प्रथम खबर द्यावी, आपल्या अंगावरचे वळ-ओरखडे सरकारी दवाखान्यात नोंदवून घ्यावेत, फाटलेले कपडे धुऊ नयेत. बचाव कोर्टात टिकतो तो या नोंदींवर.

एकटीने सगळे करावे असे मी मुळीच म्हणत नाही. या मातीला त्याचा अनुभव आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जो लग्नगडी व्हायचा, त्याच्या बायकोवरही सावकार-जमीनदार हक्क सांगत. 1945 साली झरीच्या सभेनंतर वारली उठले, तेव्हा वेठीबरोबर हा जुलूमही मोडू लागला. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये ते सारे लिहून ठेवले आहे. विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. तेव्हा परवान्याची बंदूक जमीनदाराकडे होती आणि वारल्यांकडे एकमेकांची हाक होती.

तलासरी, डहाणू, बोईसरला खोली करून राहणाऱ्या आपल्या मुलींची यादी संस्थेने करावी, दोघी-तिघींना एकत्र खोली मिळते का पाहावे आणि प्रत्येकीला जवळच्या दोन घरांचे फोन द्यावेत, अशी माझी पदाधिकाऱ्यांना विनंती आहे. वकिलाच्या खर्चाची चिंता करू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. फोन 15100.