एक सायलेन्सर कीं तीन?

अमेरिकेंत टेक्सास संस्थानांत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याचें मध्यंतरीं पत्र आलें. त्याला नेमबाजीचा नाद आहे. पॉइंट बावीस, नऊ मिलिमीटर आणि पॉइंट पंचेचाळीस अशा तीन मापांचीं पिस्तुलें त्याच्यापाशीं आहेत. “मामा, तिन्हींना चालेल असा एकच सायलेन्सर घेऊं, कीं प्रत्येकाला स्वतंत्र? पदार्थविज्ञान तुम्हीच शिकवलेंत, तेव्हां निवाडाहि तुम्हीच करा,” असें त्यानें लिहिलें होतें. आपल्या कायद्यानें हें साधन निषिद्ध आहे. टेक्सासमध्यें मात्र सरकारदरबारीं नोंद करून तें घेतां येतें.

ह्या साधनाचें पेटंट हायरम पर्सी मॅक्सिम ह्यांनीं १९०९ सालीं घेतलें. हौशी रेडिओवाल्यांची अमेरिकेंतील मोठी संस्था १९१४ सालीं स्थापणाऱ्यांतहि तेच प्रमुख होते. म्हणजे आवाज दाबणारा आणि आवाज दूरवर पोंचविणारा गृहस्थ एकच! सायलेन्सर असें नांव असलें तरी त्यानें बार निःशब्द होत नाहीं. पिस्तुलाच्या बाराचा आवाज सुमारें १६० डेसिबल असतो, आणि १४० च्या वरचा एकच बारहि कानास कायमची इजा करूं शकतो. चांगला सायलेन्सर २० ते ३५ डेसिबल कमी करतो. म्हणून हा प्रश्न केवळ चैनीचा नाहीं, कानाचा आहे.

आंतील रचना सोपी आहे. गोळीमागचा तप्त वायु एकदम बाहेर फुटला कीं धडाका होतो. सायलेन्सरमधील पडदे त्या वायूला एकामागून एका कप्प्यांत अडवून, निववून, हळूहळू सोडतात. प्रत्येक पडद्याला गोळी जाण्यापुरतें भोंक असतें. आतां गणित करा. पंचेचाळीसची गोळी सुमारें ११·५ मिलिमीटर, नऊची ९ आणि बावीसची ५·७. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतें. म्हणून पंचेचाळीसचें भोंक नऊच्या मानानें दीडपटीहून मोठें आणि बावीसच्या मानानें चौपट. त्या रुंद वाटेनें वायु निसटतो. बहुमापी सायलेन्सर लहान गोळीला चालतो, पण खास तिच्यासाठीं केलेल्याइतका आवाज सहसा दाबीत नाहीं. शिवाय तो लांब व जड असतो. उलट लहान भोंकांतून मोठी गोळी सोडणें म्हणजे अपघात ओढवून घेणें होय.

जडपणाहि क्षुल्लक नव्हे. नऊ आणि पंचेचाळीसच्या बहुतेक पिस्तुलांत बार झाल्यावर नळी किंचित् कलते, आणि मग पुढचें काडतूस भरलें जातें. टोकाला ओझें लटकलें कीं ही क्रिया अडते. म्हणून सायलेन्सरच्या बुडाशीं स्प्रिंग व दट्ट्या बसवितात. दट्ट्याचे आटे नळीच्या आट्यांशीं जुळावे लागतात. त्यामुळें पिस्तूल बदललें कीं बहुधा दट्ट्याहि बदलावा लागतो.

मग लोक बहुमापी कां घेत? १९३४ च्या कायद्यानें तेथें प्रत्येक सायलेन्सरवर २०० डॉलर कर होता. तीन नगांचे ६०० भरण्यापेक्षां एकावर भागविणें शहाणपणाचें वाटे. २०२५ सालच्या कायद्यानें १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्य झाला. नोंदणी व परवानगी मात्र कायम आहे. तडजोडीचें मोठें कारण गेलें, संवय राहिली.

मीं भाच्यास लिहिलें, “बावीससाठीं निराळाच घे, आणि तो उघडून साफ करतां येणारा असूं दे, कारण त्या काडतुसांचें शिसें व काजळी पडद्यांवर साचत जातात. उरलेल्या दोहोंपैकीं तुझ्या हातीं अधिक वेळ कोणतें असतें, तें पाहा. नऊच असेल तर नऊचाच घे. पंचेचाळीसहि तितकेंच चालवीत असलास, तर दोहोंत मिळून पंचेचाळीसचा एक पुरे. नऊच्या हलक्या गोळ्या मात्र टाळ. त्या ध्वनीहून वेगानें जातात, आणि त्यांचा हवेंतील कडाका कोणताच सायलेन्सर थांबवीत नाहीं. आणि कांहींहि घेतलेंस, तरी कानांत बोळे घालावयास विसरूं नकोस.”

श्रोतेहो, चुकीच्या खरेदींत गेलेला पैसा पुन्हां मिळवितां येतो. बाराच्या आवाजानें गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं.