पान्हा आणि पीयूषिका



जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्यासारख्याला तुम्ही या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत, याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षानं साऱ्या शास्त्राचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती मी आज मोडणार आहे. मला बोलायचंय ते जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या एका ग्रंथीबद्दल आणि आपण पेशंटला विचारायला विसरतो अशा तीन प्रश्नांबद्दल.

नावापासूनच सुरुवात करू. ‘पिट्युइटरी’ हा शब्द लॅटिनमधल्या कफावरून आला. मेंदूतला कफ ही ग्रंथी गाळते आणि तो नाकावाटे बाहेर पडतो, असं युरोपातले वैद्य शतकानुशतकं मानत आले. आपल्या परिभाषेनं तिला पीयूषिका म्हटलं. पीयूष म्हणजे अमृत, हे आपल्याला ठाऊक असतं. पण संस्कृत कोशांत त्याचा आणखी एक अर्थ आहे: नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूध. म्हणजे आपला चीक, ज्याचा खरवस होतो. जिच्यावाचून आईला दूधच येत नाही, त्या ग्रंथीला याहून चपखल नाव सापडणं अवघड.

माझी आजी धारेला बसायची. वासरू ढुशा देऊ लागलं की गाय पान्हवायची. अनोळखी माणूस बसला की पान्हा चोरायची. कासेत दूध असायचं, पण सुटायचं नाही. दूध तयार होणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं, हे मराठीला गोठ्यातच कळलं होतं. शरीरक्रियाशास्त्रानं त्या दोन क्रियांची दोन संप्रेरकं दाखवली: दूध बनवतं ते प्रोलॅक्टिन, पान्हा सोडतं ते ऑक्सिटोसिन. दोन्ही रक्तात उतरतात ती पीयूषिकेतून. ताबा मात्र वरच्याचा, हायपोथॅलॅमसचा.

हा ताबा चालतो दोन वाटांनी. पीयूषिकेचा मागचा भाग म्हणजे खाली उतरलेला मेंदूच. ऑक्सिटोसिन आणि शरीरातलं पाणी राखणारं व्हॅसोप्रेसिन ही दोन्ही बनतात हायपोथॅलॅमसच्या चेतापेशींत. तिथून तंतूंतून ती खाली येतात. मागचा भाग हे फक्त त्यांचं कोठार. पुढच्या भागाला असे तंतू नाहीत. मग तिथे निरोप पोचतो कसा? दोघांना जोडणाऱ्या देठातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून, असं ब्रिटनचे जेफ्री हॅरिस सांगत राहिले. १९५२ मध्ये त्यांनी आणि डोरा जेकबसन यांनी उंदरांची पीयूषिका काढून नवी ग्रंथी हायपोथॅलॅमसखाली बसवली, तेव्हा ती कामाला लागली. मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसवली, तिथे ती जगली, पण कामाची राहिली नाही.

त्या निरोपाचा रेणू हाती लागायला १९६९ साल उजाडलं. थायरॉइडला जागवणाऱ्या साखळीतला तो पहिला निरोप, टीआरएच. रॉजर गिलेमिन यांनी सुमारे तीन लाख मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस वाटून त्यातून तो मिळवला, अवघा एक मिलिग्रॅम. अँड्र्यू शॅली यांनी तेच काम डुकरांवर केलं. १९७७ च्या नोबेलमध्ये दोघं वाटेकरी झाले.

तेव्हा ‘मास्टर ग्लँड’ हे पाठ्यपुस्तकातलं बिरुद आता उतरवायला हरकत नाही. पीयूषिका ही कारभारीण, मालकीण नव्हे. बहुतेक कामांत हायपोथॅलॅमस तिला पुढे रेटतो. प्रोलॅक्टिनपुरता मात्र डोपामिनचा लगाम लावून तिला रोखून धरतो. देठ तुटला तर बाकीची संप्रेरकं घटतात आणि प्रोलॅक्टिन वाढतं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडनं किंवा डॉमपेरिडोननं हाच लगाम सैल होतो. म्हणून बाळंतपण नसताना दूध येतंय, अशी तक्रार घेऊन कुणी आली, तर गाठीच्या शोधात एमआरआय लिहिण्याआधी तिची गोळ्यांची पिशवी उघडून बघा.

भीती, लाज आणि वेदना यांनी पान्हा अडतो, गाईचा तसाच बाईचाही. म्हणून ‘दूध नाही’ असं आई म्हणाली की पावडरचा डबा लिहून देण्याआधी तिला निवांत जागा आणि धीर द्या. एसटी स्थानकावरचा हिरकणी कक्ष ही नुसती सोय नाही, शरीराची गरज आहे.

पण कधीकधी दूध खरंच येत नाही. गरोदरपणात पीयूषिका फुगते, तिची रक्ताची भूक वाढते. बाळंतपणात फार रक्त गेलं, रक्तदाब कोसळला, तर ती उपाशी मरते. ग्लासगोत काम करणाऱ्या हॅरल्ड शीहान यांनी हे १९३७ मध्ये मांडलं. अशी बाई आपल्याकडे कित्येक वर्षांनी येते: थकलेली, थंडी न सोसणारी, पाळी गेलेली, कधी रक्तातलं सोडियम उतरून बेशुद्ध झालेली. आपण टीएसएच करतो, तो ‘नॉर्मल’ येतो आणि आपण टॉनिक लिहितो. थायरॉइड कमी पडली की पीयूषिका आवाज चढवते, टीएसएच वाढतो, हे आपलं रोजचं गणित. पण आवाज देणारीच मुकी झाली असेल तर? त्या बाईचा टी-फोरही बघावा लागतो, सकाळचं कॉर्टिसॉलही. आणि दोन्ही कमी असतील तर आधी स्टेरॉइड, मगच थायरॉक्सिन. हा क्रम उलटला तर पेशंट हातची जाऊ शकते.

मित्रहो, या आजाराचं निदान महागड्या यंत्राआधी बोलण्यातून होतं. उद्या ओपीडीत थकलेली, फिकुटलेली एखादी मावशी समोर बसेल. तिला तिच्याच शब्दांत विचारा: बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? बाळाला अंगावर पाजलं होतं का? पाळी परत आली का? एवढं विचारायला एक मिनिट पुरतं. ते एक मिनिट तिला द्या, एवढीच या परिषदेच्या अध्यक्षाची तुम्हाला विनंती आहे.