पिंजऱ्यातले कापड

मुलांनी हौसेने गिनीपिग पाळला, पिंजऱ्यात फ्लीसचे मऊ कापड अंथरले. चांगले केले. पण ते सैल ठेवू नका. सैल कापडाखाली तो शिरतो आणि ओल्यात बसतो. ओलीने तळपायांना जखमा होतात.

मग करायचे काय? खाली जुना टॉवेल घाला. ओल तो शोषून घेतो. वरचे फ्लीस चारी बाजूंनी वीतभर मोठे कापा. कडा टॉवेलाखाली दुमडा. कोपरे मात्र जाळीबाहेर ओढून चिमट्यांनी पक्के धरा. आत टाचणी, पिन नको. तो सारे कुरतडतो. टॉवेलाचे सुटे दोरे कापून टाका. दोरा बोटाला गुंडाळला तर बोट सुजते. कापड ओले लागले की बदला.

मुक्या जिवाला सांगता येत नाही. रोज सकाळी आपणच हात लावून पाहायचे.